रानमोडी कापली, पण मोकळी झालेली जागा कोणाला दिली?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका कुळागरवाल्यांचा प्रश्न आहे (कुळागर म्हणजे माड-पोफळींची मिश्र बाग, आणि रानमोडी म्हणजे बाहेरून येऊन माजलेले झुडूप): "आमचं कुळागर केरीच्या बाजूला, वर थोडा डोंगर. दर वर्षी दिवाळीनंतर माणसं लावून रानमोडी कापतो. पाऊस पडला की ती परत डोक्याएवढी होते. गेल्या दोन वर्षांत माडांची पानं काळी पडायला लागली आहेत, आणि पावसात मोठ्या गोगलगायी केळीची, मिरीची रोपं खाऊन टाकतात. मुलगा म्हणतो, तणनाशक आणि कीटकनाशक मारून एकदाचं संपवू. शेजारी म्हणतात, हिरवं आहे ना, मग राहू द्या. वरच्या मोकळ्या भरडावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या सड्यावर, अकेशिया लावायचा विचार आहे. बाहेरून आलेले हे सगळे खरंच इतके वाईट आहेत का? आणि नेमकं काय करावं?"

बाहेरून आलेले सगळेच वाईट असते तर गोव्याच्या स्वयंपाकघरात फारसे काही उरले नसते. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणला. मिरची, अननस, पपई, पेरू हे सगळे अमेरिकेतले. तुमच्या कुळागरातले जायफळ मोलुक्का बेटांचे. ही झाडे शेकडो वर्षे इथे आहेत आणि बहुतेक आपण लावू तिथेच राहतात. माझा आक्षेप परदेशी असण्याला नाही. जी जात माणसाच्या मदतीशिवाय पसरते, जिला इथे खाणारा किंवा आजारी पाडणारा कोणी नाही आणि जी एकदा बसली की दुसऱ्याला उगवू देत नाही, तिची गोष्ट वेगळी. मूळ प्रदेशात तिच्या अंगावर अळ्या, बुरशी, भुंगे असतात. बी किंवा अंडे समुद्र ओलांडून येते तेव्हा हे शत्रू मागे राहतात. शत्रूंशी झगडण्यात जाणारी सगळी ताकद मग वाढण्यात आणि बी धरण्यात जाते.

हा प्रकार किती मोठा आहे याचा अंदाज यावा म्हणून थोडे आकडे देतो. जैवविविधतेवर काम करणाऱ्या आंतरसरकारी मंचाने, म्हणजे आयपीबीईएसने, 2023 च्या सप्टेंबरमध्ये या विषयावर मोठा अहवाल काढला. माणसामुळे जगात नव्या ठिकाणी जाऊन रुजलेल्या जाती 37,000 हून अधिक आहेत, त्यांतल्या 3,500 हून अधिक उघड नुकसान करतात, आणि जगात नोंदल्या गेलेल्या प्राणी-वनस्पतींच्या नामशेष होण्यात 60 टक्के वेळा अशा जातींचा हात होता, असे तो सांगतो. 2019 मध्ये त्यांनी केलेले नुकसान वर्षाला 423 अब्ज डॉलरच्या वर गेले होते. म्हणजे दहातल्या साधारण नऊ पाहुण्या जाती निरुपद्रवी. दहावीशी मात्र झुंजावे लागते. तुमच्याकडे नेमकी ती दहावीच आली आहे, आणि एकटी आलेली नाही.

शेजाऱ्यांचे "हिरवं आहे ना" मी फोंड्यापासून काणकोणपर्यंत ऐकले आहे. त्यांना एकदा रानमोडीच्या दाट जाळीत वाकून जमिनीकडे बघायला सांगा. खाली गवत नसते, किंदळाचे रोप नसते, करवंदाची जाळी नसते. गुरे तिला तोंड लावत नाहीत. चतुर्थीला गणपतीवर रानफळाफुलांची माटोळी बांधायला कांगोणी, कळलावीची फुले, घागऱ्या, कवंडळ आणायला जे डोंगरावर जातात त्यांना विचारा. पूर्वी घरामागे मिळणाऱ्या वस्तूंसाठी आता किती लांब चढावे लागते, ते त्यांच्याइतके कोणीच नेमके सांगणार नाही. माटोळीचा बाजार भरतो तो हौस म्हणून नाही, रानात या वस्तू विरळ झाल्या म्हणूनही भरतो. उन्हाळ्यात ही हिरवळ वाळली की तिचे सरपण होते. रानमोडीच्या पानांत तेलकट द्रव्ये असतात, ती भडकन पेटते आणि आग जमिनीवरून झाडांच्या फांद्यांपर्यंत चढवते. 2023 च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात आणि आजूबाजूला वणवे लागले होते. त्यांची कारणे अनेक असतील, पण डोंगरावर वाळलेली रानमोडी जितकी कमी तितकी ठिणगी लवकर विझते, हे कोणताही वनरक्षक सांगेल. तिच्या बाजूने गंमत अशी की आगीत ती स्वतः मरत नाही. वरचे जळते, बुडखा जिवंत राहतो आणि पहिल्या पावसात फुटतो. मरतात ती तिच्या शेजारची कुंभ्याची, जांभळाची रोपे.

आता तुमच्या कापणीकडे येतो, कारण खरी अडचण तिथे आहे. भाताची कापणी आटोपून माणसे मोकळी होतात म्हणून आपण दिवाळीनंतर रानमोडीला हात लावतो. मजुरीच्या सोयीने ती वेळ ठीक, पण झाडाच्या हिशेबाने सगळ्यांत वाईट. रानमोडी साधारण कार्तिक-मार्गशीर्षात फुलते आणि पौष-माघात तिचे बी पिकते. एका मोठ्या झुडपाला हजारोंनी बी येते, आणि प्रत्येक बियाला वाऱ्यावर तरंगायला केसांचा झुबका असतो. फुले येऊन गेल्यावर कापलेली झुडपे तुम्ही ओढत पायवाटेने खाली आणता, तेव्हा पुढच्या वर्षीची पेरणीच करत आणता. शिवाय कोयत्याने वरचे उडवले की बुडख्यातून एकाच्या जागी चार फांद्या येतात. तीन-चार वर्षे असे छाटत राहिलात तर झुडपे मोडत नाहीत, उलट जाड होतात.

काम दोन वेळा करायचे. पहिले मिरगाचा पाऊस चांगला मुरल्यावर, जून-जुलैत. ओल्या मातीत लहान रोप हाताने मुळासकट निघते, मोठ्या झुडपाला कुदळ किंवा पिकास लावून बुडखा उचलता येतो. उपटलेले झुडूप मातीवर आडवे टाकू नका, ओल्या दिवसांत ते परत मूळ धरते. दगडावर किंवा झाडाच्या बेचक्यात मुळे वर करून ठेवा. दुसरी फेरी सप्टेंबर-ऑक्टोबरात, फुलांच्या कळ्या दिसण्याआधी. या फेरीला माणसे कमी लागतात, पण तीच चुकवली जाते. फुलाआधी कापलेला पाला माडा-पोफळींच्या बुडाशी आच्छादन म्हणून घाला. त्यात नत्र आणि पालाश भरपूर असते आणि त्या पाल्याचे खत चांगले होते. फुलावर आलेले एकही झाड मात्र खताच्या खड्ड्यात जाता कामा नये.

सुरुवात कुठून करायची हेही महत्त्वाचे. बहुतेक जण सगळ्यांत दाट जाळीवर तुटून पडतात, कारण ती डोळ्यांत खुपते. तुम्ही उलट करा. जिथे अजून किंदळ, कुंभा, कुडा, करवंद जिवंत आहे आणि रानमोडी तुरळक आहे, तिथून सुरुवात करा आणि हळूहळू दाट भागाकडे सरका. चांगल्या जागेतली चार झुडपे काढली की आजूबाजूची देशी झाडे ती जागा स्वतःच भरतात, तुमचे श्रम वाचतात. दाट जाळी एकदम साफ केली तर उतारावरची उघडी माती आषाढाच्या पावसात खाली तुमच्या पाटात येते, आणि उघड्या जमिनीवर सगळ्यांत आधी रानमोडीच उगवते. वर्षाला तेवढाच पट्टा हातात घ्या, ज्यावर दोनदा परत यायची तुमची ताकद आहे.

या सगळ्या उत्तरात माझे एकच म्हणणे आहे, आणि ते गोगलगायीपासून माडाची पाने काळी करणाऱ्या माशीपर्यंत सगळ्यांना लागू पडते. काढणे हे अर्धे काम आहे; मोकळी झालेली जागा कोणाच्या ताब्यात गेली यावर निकाल ठरतो. रानमोडीला ऊन लागते. पोफळींच्या गच्च सावलीत, जुन्या देवराईत तुम्हाला ती माजलेली दिसणार नाही. ती दिसते कडेला, रस्त्याच्या कापावर, झाड पडून उघड्या झालेल्या जागी. म्हणून उपटल्यानंतर त्याच पावसात तिथे सावली उभी करायची. लगेच झाकायला अळसांदे (चवळी) पेरा, अर्धवट सावली असेल तिथे हळद, सुरण लावा. त्यांच्यामध्ये भिरंड (कोकम), जांभूळ, कुंभा, किंदळ यांची रोपे, आणि कडेला करवंदाची वई, म्हणजे कुंपण. झाडे डोक्यावर गेली की रानमोडीचा जोर आपोआप ओसरतो. जमिनीतला बियांचा साठाही नव्या बियांची भर थांबली की काही वर्षांत आटतो.

तणनाशकाबद्दल मुलाला स्पष्ट सांगा: कुळागरात, पाटाच्या वरच्या अंगाला, नाही. ते पाणी पोफळींना, मिरीच्या वेलांना आणि खाली वस्तीतल्या विहिरींना जाते. आणि फवारून जळालेली उघडी जमीन म्हणजे पुन्हा त्याच बियांना आमंत्रण.

एक वेल बघून ठेवा. पान बदामाच्या आकाराचे, कडा थोड्या दातेरी, पावसाच्या शेवटी हिरवट पांढऱ्या फुलांचे झुबके. तो मिकानिया. अजून नसेल तुमच्याकडे तर बरे. तो झाडांवर चढून त्यांना अक्षरशः झाकून टाकतो आणि प्रत्येक पेराला मूळ फोडतो. कापलेले तुकडे पाटात टाकलेत तर पाणी जिथे जाईल तिथे तो जाईल. फुलाआधी काढा आणि सगळे तुकडे गोळा करून दगडावर वाळवा.

गोगलगायी गोळा करायला पावसाळ्याचे पहिले दिवस सोन्याचे असतात, म्हणून पहिला पाऊस पडला की त्याच संध्याकाळी कामाला लागा. ही आफ्रिकन गोगलगाय पूर्व आफ्रिकेतली. विल्यम बेन्सन नावाच्या हौशी शंखसंग्राहकाने 1847 मध्ये मॉरिशसहून काही जिवंत गोगलगायी कलकत्त्याला आणल्या, आणि तिथून ती देशभर गेली. उन्हाळाभर ती शंखाचे तोंड पापुद्र्याने बंद करून मातीत, दगडांच्या बांधात, चुडतांच्या ढिगाखाली झोपते. पहिल्या पावसांत बाहेर येते, भुकेली असते आणि अंडी घालायच्या तयारीत असते. प्रत्येक गोगलगायीत नर-मादी दोन्ही अंगे असल्यामुळे जोडीतल्या दोघीही अंडी घालतात, एका वेळी शंभर-दोनशेसुद्धा. म्हणून जूनमध्ये उचललेली एक गोगलगाय ही ऑगस्टमध्ये उचललेल्या शंभरांच्या बरोबरीची.

ओली गोणपाटे रोपांच्या ओळींमध्ये पसरा, खाली पपईची पाने, कोबीचा पाला टाका. सकाळी उजाडायच्या सुमारास उलटून गोळा करा. हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी हातात हवीच: या गोगलगायीत उंदरांच्या फुफ्फुसातल्या एका जंताच्या अळ्या असू शकतात आणि त्या माणसाच्या मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊन गंभीर आजार करतात. मुलांना त्यांच्याशी खेळू देऊ नका आणि गोगलगाय फिरलेली भाजी भरपूर पाण्याने धुतल्याशिवाय कच्ची खाऊ नका. गोळा केलेल्या गोगलगायी बादलीत मिठाच्या दाट पाण्यात टाका, मग खोल खड्ड्यात चुन्यासकट पुरा. मीठ थेट जमिनीवर फेकू नका, माती बिघडते. रिकामे शंख उघड्यावर राहिले तर त्यांत पाणी साचून डास होतात. बाजारात मिळणारे विषारी आमिष असते, पण ते कुत्र्यांना आवडते आणि मारते. घरात कुत्रा असेल तर त्या वाटेला जाऊ नका. आणि वाडीत एकट्याने हे केले तर शेजारच्या कुळागरातून त्या परत येतात. वाड्यावरच्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात गोळा करायच्या, हे पंचायतीच्या सभेत ठरवून घ्या. माणसे मनावर घेतात, फक्त कोणी तरी तारीख ठरवावी लागते.

कोणी सुचवेल की गोगलगाय खाणारी दुसरी गोगलगाय आणून सोडू. हा प्रयोग जगात झाला आहे. आफ्रिकन गोगलगाय आटोक्यात आणण्यासाठी अमेरिकेतली एक शिकारी गोगलगाय 1977 मध्ये फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटावर सोडली. तिने आफ्रिकन गोगलगाय बाजूला ठेवली आणि त्या बेटावरच्या चिमुकल्या देशी वृक्ष-गोगलगायी संपवल्या. दहाएक वर्षांत त्या रानातून नाहीशा झाल्या. शत्रू आणायचाच तर तो एकाच जातीवर जगणारा असावा लागतो आणि आधी वर्षानुवर्षे बंद जागेत तपासावा लागतो. असे यशही आपल्याकडे आहे. पाण्यातल्या साल्व्हिनिया नेच्यावर दक्षिण अमेरिकेतला एक छोटा भुंगा 1980 च्या दशकात केरळात सोडला आणि तिथल्या गच्च भरलेल्या कालव्यांत पाणी पुन्हा दिसू लागले. रानमोडीवर गाठी करणारी एक माशीही दक्षिण भारतात सोडली गेली आहे. कर्नाटकाकडच्या झुडपांच्या फांद्यांवर गाठ दिसली तर ती तोडू नका.

माडाच्या काळ्या पानांवर कीटकनाशकाची फवारणी करायची नाही, हे मी सगळ्यांत ठासून सांगतो. पान उलटून बघा: खालच्या बाजूला पांढऱ्या मेणकट गोल-गोल रेघा दिसतील. ती चक्राकार पांढरी माशी, मध्य अमेरिकेतली. भारतात ती पहिल्यांदा 2016 मध्ये तामिळनाडूतल्या पोल्लाचीला माडांवर सापडली आणि रोपांच्या वाहतुकीबरोबर किनाऱ्याने वर आली. माशी पानातला रस शोषते आणि गोड चिकटा सोडते. त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते. पान काळे दिसते ते बुरशीने. घाबरवणारे आहे, पण केवळ एवढ्याने माड सहसा मरत नाही.

तिच्या मागोमाग एक अगदी बारीक गांधीलमाशीही आली आहे, एनकार्सिया. ती माशीच्या पिल्लांच्या अंगात अंडी घालते आणि त्यांना आतून संपवते. कीटकनाशक मारले की पांढरी माशी काही आठवड्यांत परत येते, ही बारीक गांधीलमाशी मात्र येत नाही. काळी बुरशी खाणारा एक भुंगाही माडावर येतो, तोही फवारणीत जातो. म्हणून केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेचा सल्ला कीटकनाशकाची फवारणी थांबवण्याचाच आहे. लहान माडांच्या पानांच्या खालून जोराने पाणी मारा, पिवळे चिकट कागद लावा, बुरशी फार असेल तर एक टक्का खळीचे पाणी फवारले की ती पापुद्र्यासारखी सुटते. प्रादुर्भाव झालेल्या पानांवर काळी पडलेली पिल्ले दिसली तर समजा आत गांधीलमाशी आहे. अशी पाने कापून जाळू नका. ज्या माडावर ती नाही त्याच्यावर नेऊन बांधा. धीर धरावा लागतो, एखादा हंगाम वाईट जातो. पण इथेही तेच: माशीची जागा विषाने मोकळी केलीत तर ती माशीच परत घेते, तिच्या शत्रूला जगू दिलेत तर जागा त्याची होते.

भरडावर अकेशिया लावू नका. हा ऑस्ट्रेलियाकडचा वृक्ष सामाजिक वनीकरणाच्या काळात गोव्यात सरसकट लावला गेला, खाणींच्या मातीच्या ढिगांवर तर मैलोगणती. ढिगांवर त्याने माती धरून ठेवली, हे मान्य करायला हवे. तिथे दुसरे काही पटकन उगवत नव्हते. पण डिचोली-सांग्याच्या त्या ढिगांखाली जाऊन बघा: चिवट पानांचा जाड थर, खाली जवळजवळ काही नाही. तुमचा भरड तर ओसाडही नाही. जांभ्या दगडाचा सडा वैशाखात उजाड दिसतो, पण पावसाळ्यात त्याच्या खळग्यांत गेंदाची फुले, कीटक खाणारी निळी-जांभळी फुले, कंद, बेडूक, आणि श्रावणापर्यंत गुरांना पुरणारे गवत असते. इतक्या पातळ मातीवर जगणाऱ्या या जातींतल्या काही कोकण-गोव्याबाहेर सापडत नाहीत. झाडांनी सावली केली की त्या मरतात. सावली कुळागराच्या कडेला हवी, सड्यावर नाही. आधीच उभ्या असलेल्या अकेशिया काढायच्या असतील तर आधी वन खात्याकडे परवानगीची चौकशी करा. गोव्यात झाड तोडण्यावर 1984 चा कायदा आहे. एकदम सगळ्या न तोडता त्यांच्या आधाराने देशी रोपे वाढवत टप्प्याटप्प्याने काढा.

कुळागराच्या तळीत तिलापिया सोडावा का, असे तुम्ही विचारलेले नाही, पण कोणी तरी पिल्ले आणून देईलच, म्हणून सांगतो. नको. पावसात तळी भरून वाहते आणि मासा ओहोळातून नदीत, तिथून खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीत, पोचतो, जिथे आपल्या काळुंदर माशाशी त्याची अन्नावर आणि घरट्याच्या जागेवर भांडणे लागतात. जलपर्णीही शोभेसाठी घरी आणू नका. मडगावजवळ साळ नदीवर तिने काय केले ते खारेबांदावरून जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. दर वर्षी काढा, दर वर्षी भरा. तिथेही यंत्राने पाणी मोकळे होते, पण नदीत येणारे सांडपाणी तसेच राहिले की तेच खत तिला परत बोलावते.

कायदा आता थोडा आपल्या बाजूने आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 मध्ये दुरुस्ती होऊन आक्रमक परकी जातींची आयात, व्यापार आणि बाळगणे यांवर नियंत्रण आणायचा अधिकार केंद्राला मिळाला. पण तुमच्या कुळागरात येणारी पुढची कीड बंदरातून किंवा विमानतळावरून येईल त्यापेक्षा टेम्पोतून येण्याची शक्यता जास्त: परराज्यातल्या रोपवाटिकेतून आणलेल्या माडाच्या, केळीच्या रोपांबरोबर, पिशवीतल्या मातीत गोगलगायीची अंडी, पानाखाली माशी. नवी रोपे थेट कुळागरात लावू नका. महिनाभर घराजवळ फरशीवर वेगळी ठेवा, पाने उलटून आणि पिशवीतली वरची माती उकरून बघा, काही सापडले तर रोपवाटिकेला परत करा. बांधावर लावायला कोणी पिवळ्या फुलांचा सरपटणारा वेडेलिया देत असेल तर तोही घेऊ नका. हॉटेलांच्या बागांतून निघून तो रस्त्याच्या गटारांतून फोंड्याच्या ओहोळांपर्यंत पोचला आहे. ओळख पटत नसेल तर झाडाची किंवा कीड लागलेली ताजी फांदी कागदात गुंडाळून वाळपईच्या विभागीय कृषी कार्यालयात किंवा जुने गोवे येथील कृषी विज्ञान केंद्रात घेऊन जा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नेलीत तर पोचेपर्यंत पान सडते आणि ओळखणाऱ्यांना काही सांगता येत नाही.